सोलापुरात ग्रॅव्हल बायकिंग? गाड्या नसलेले रस्ते आहेत, पण ते नेमके कुणाचे?

सोलापूर शहरातून सायकलवर बाहेर पडायचं म्हटलं की पहिल्या काही किलोमीटरमध्ये महामार्ग लागतोच. पुण्याकडे जा, हैदराबादकडे जा, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, कुठेही जा. हे सगळे रस्ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुंद झाले, गुळगुळीत झाले आणि सायकलवाल्यासाठी तेवढेच धोक्याचे झाले. मागून येणारा कंटेनर, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, आणि या सगळ्यांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर सायकल. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. घरचे लोक "सायकल नको, जिमला जा" म्हणतात, त्यामागे हीच भीती असते.

अशात इन्स्टाग्रामवर एखादी रील समोर येते. झाडांतून जाणारी खडीची वाट, बाजूला नदी, मैलोन्‌मैल एकही गाडी नाही आणि जाड टायरच्या सायकलवर निवांत चाललेला कुणीतरी. खाली लिहिलेलं असतं ग्रॅव्हल बायकिंग. मग साहजिकच प्रश्न पडतो, आपल्याकडे असं काही आहे का?

आहे. सोलापूर जिल्ह्यात डांबर नसलेले आणि गाड्यांची वर्दळ नसलेले रस्ते भरपूर आहेत. फक्त त्यातला एकही सायकलवाल्यासाठी बांधलेला नाही. कुणी तो बैलगाडीसाठी सोडला, कुणी कालव्याचं पाणी बघायला, कुणी जंगल राखायला. त्यामुळे इथे ग्रॅव्हल बायकिंग करायचं तर सायकलच्या आधी रस्ता समजून घ्यावा लागतो.

आधी सायकलचं बघू

ग्रॅव्हल म्हणजे खडी, बारीक दगड. ग्रॅव्हल बाईक दिसायला रेसिंग सायकलसारखी असते, म्हणजे हँडल खाली वळलेलं. फरक टायरमध्ये आहे. रोड बाईकचा टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतो. ग्रॅव्हल बाईकला ३८ ते ४५ मिलिमीटरचा, कधी त्याहून जाड टायर बसतो आणि त्यात हवाही कमी ठेवतात. कमी हवेचा जाड टायर दगडावर उडत नाही, दबतो. बाकी डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर, एवढंच. माउंटन बाईकसारखे मोठे शॉक ॲब्सॉर्बर बहुतेकदा नसतात, कारण ही सायकल उड्या मारायला नाही, दिवसभर चालवायला केलेली आहे.

गंमत अशी की गिरणीच्या भोंग्यावर कामाला जाणारे सोलापूरकर ज्या काळ्या, दणकट सायकली वापरायचे, त्यांचा टायर दीड इंचाचा असायचा. म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर. दूधवाल्याची सायकल शेतातल्या वाटेने सहज जायची त्याचं कारण हेच. तेव्हा महागडी ग्रॅव्हल बाईक नसेल तर काही अडत नाही. ३८-४० मिलिमीटरचा टायर मावणारी साधी हायब्रिड सायकल पुरते.

अमेरिकेत या प्रकाराला वेग आला तो २००० नंतर. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या गावातून २००६ मध्ये सुरू झालेली सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत आज 'अनबाउंड ग्रॅव्हल' नावाने ओळखली जाते. ती डोंगरात नाही, फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ प्रदेशातल्या खडीच्या रस्त्यांवर होते. २०२२ मध्ये इटलीत ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. पण शर्यती हा या खेळाचा छोटा भाग. बहुतेक लोक गाड्यांपासून लांब जायला मिळतं म्हणून याकडे वळले.

तिकडे हे रस्ते आले कुठून?

बऱ्याच ठिकाणी रेल्वेतून. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात नदीच्या काठाने जाणारी एक रेल्वे १९८६ मध्ये बंद झाली. रूळ काढले, भरावावर चुनखडीची बारीक खडी टाकली आणि त्याचा 'केटी ट्रेल' झाला. लांबी जवळपास ३८६ किलोमीटर. रेल्वेला चढ झेपत नाही, म्हणून तिचा मार्ग सपाट असतो, नदीच्या खोऱ्याने जातो आणि गावांना जोडतो. सायकलला नेमकं हेच हवं असतं.

हे वाचून सोलापूरच्या माणसाला एक नाव आठवणारच. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डूवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. मिरज ते लातूर हा सगळा पल्ला सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास होता. ही गाडी भारतात राहिली असती तशीच, तर आज तिच्यावर रील्सचा पाऊस पडला असता. पण २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. म्हणजे मिसुरीत रेल्वे मेली म्हणून सायकलमार्ग जन्मला. इथे रेल्वे मेलीच नाही, मोठी झाली. लातूर, बार्शी, पंढरपूरच्या प्रवाशांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. काही ठिकाणी नवीन मार्गाची आखणी बदलली, पण जुना भराव दिसला म्हणून त्यावर सायकल घालायची नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

म्हणजे रेल्वेचा पर्याय इथे बाद. मग उरतं काय? उरतात पाणंदी, शिवरस्ते, कालव्याच्या कडा आणि माळ.

सोलापूरची खडी म्हणजे मुरूम

रस्त्यांकडे जाण्याआधी माती. दख्खनच्या पठाराचा खालचा दगड एकच, बेसॉल्ट. तो झिजून त्याचे दोन प्रकार होतात. उंचवट्यावर, उतारावर अर्धवट झिजलेला, तांबूस, भुसभुशीत दगड राहतो. तो मुरूम. आणि वर्षानुवर्षं वाहून सखल भागात, नदीकाठी साचते ती बारीक काळी माती.

मुरूम हा सायकलसाठी सोन्यासारखा. पाणी झिरपून जातं, पाऊस पडून गेल्यावर काही तासांत चालवता येतं. काळ्या मातीचं उलट. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. पावसात या मातीत सायकल घातली तर पहिल्या वीस-तीस फुटांतच चाक आणि ब्रेक यांच्या मधली जागा चिखलाने भरते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. काळ्या रानातल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. त्याचा बैल आणि ट्रॅक्टरही तिथेच अडकतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. युरोपातल्या व्हिडिओत नदीचं खोरं म्हणजे सगळ्यात सोपी सायकलवाट. सोलापुरात भीमा आणि सीनेचं खोरं म्हणजे सगळ्यात खोल काळी माती. जून ते सप्टेंबर तिकडच्या कच्च्या वाटेला जायचंच नाही. तेव्हा माळावरचा मुरूम चांगला. पण माळाची वेगळी अडचण आहे, ती पुढे येईलच.

आणि काटे. बाभूळ आणि वेडी बाभूळ दोन्ही इथे जागोजागी. बांधावरची बाभूळ तोडून वाटेच्या कडेला टाकलेली असते आणि तिचा काटा साध्या ट्यूबला दाद देत नाही. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट हा इथे चैनीचा प्रकार नाही, गरजेचा आहे. ते नसेल तर दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप.

नकाशावरची तुटक रेष

पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी चिंचोळी गाडीवाट. शिवरस्ता म्हणजे दोन गावांच्या शिवेवरून, हद्दीवरून जाणारा रस्ता. हे रस्ते आजचे नाहीत. इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी झाली तेव्हा ते गावाच्या नकाशावर आले आणि आजही त्याच नकाशावर त्यांचं भवितव्य ठरतं.

सरकारी कागदात या रस्त्यांचे ढोबळ तीन प्रकार सापडतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे ग्रामीण रस्ते आणि हद्दीचे रस्ते गावनकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेले असतात. त्यांची जमीन शेजारच्या कुठल्याही गटात धरलेली नसते. म्हणजे तो रस्ता कुणा एकाच्या मालकीचा नाही. दुसरा प्रकार गाडीमार्ग आणि पायमार्ग. हे तुटक एकेरी रेषेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. यांची जमीन शेतकऱ्याच्या गटातच असते, पण पोटखराबा म्हणून वेगळी नोंदलेली. तिसरा प्रकार म्हणजे नकाशावर नसलेले, फक्त वहिवाटीने चालत आलेले शेतावर जायचे रस्ते.

सायकलवाल्यासाठी फरक इथेच आहे. पहिल्या प्रकारच्या रस्त्याने कुणीही जाऊ शकतं. तिसऱ्या प्रकारचा रस्ता त्या त्या शेतकऱ्यांच्या येण्या-जाण्यापुरता असतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. फोनवरच्या सॅटेलाइट नकाशात किंवा सायकलिंगच्या ॲपवर एक मातकट रेघ दिसते. ती रेघ कुठे जाते ते ॲप सांगतं, पण ती कुणाची आहे ते सांगत नाही. शेवटी ती एखाद्या वस्तीच्या अंगणात, गोठ्याच्या दारात जाऊन संपते आणि कुत्री अंगावर येतात. राज्य सरकारच्या 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर गावानुसार गटांच्या हद्दी बघता येतात. रस्ता दोन गटांच्या मधून जातो की एकाच गटाच्या पोटातून, एवढं तरी तिथे कळतं.

या वाटांवरून गावोगावी भांडणं आहेत आणि ती साधी नाहीत. नांगरताना दरवर्षी एकेक तास आत सरकत एकवीस फुटांची वाट सहा फुटांवर येते. मग पुढच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जात नाही, ऊस तोडला तरी बाहेर काढता येत नाही. अशा वेळी तहसीलदाराकडे जावं लागतं. आधीपासूनचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५, आणि बांधावरून नवीन वाट हवी असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. एकशेवीस वर्षांपूर्वीचा कायदा आजही शेतरस्त्यासाठी रोज वापरला जातो, यावरून या प्रश्नाचं वजन कळावं.

मे २०२५ मध्ये महसूल विभागाने याबाबत नवीन निर्णय काढला. शेतरस्ता शक्यतो ३ ते ४ मीटर रुंद असावा, त्याची नोंद सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी आणि अर्ज आल्यावर ९० दिवसांत निकाल लागावा, असं त्यात आहे. त्याआधी २०२१ मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना' आली होती. रोजगार हमीच्या निधीतून पाणंदी पक्क्या करायच्या, अशी ती योजना.

एकाला डांबर हवं, दुसऱ्याला माती

इथे या सगळ्या विषयातली खरी अडचण समोर येते. सायकलवाल्याला ज्या रस्त्याचं कौतुक, त्यावर राहणाऱ्याला तो रस्ता नको असतो.

रविवारी सकाळी पाणंदीतून तासभर सायकल चालवणं वेगळं आणि ऑगस्टमध्ये त्याच पाणंदीतून गरोदर बाईला दवाखान्यात नेणं वेगळं. वस्तीवरची मुलं चपला हातात घेऊन शाळेला जातात. दूध डेअरीच्या वेळेत पोहोचत नाही. द्राक्ष आणि डाळिंबाच्या गाड्या बागेपर्यंत येत नाहीत म्हणून व्यापारी भाव पाडतो. त्यामुळे "हा रस्ता असाच कच्चा राहू दे, किती छान वाटतं" हे वाक्य गावात बोलायचं नाही. शहरातून आलेल्या माणसाला निसर्ग दिसतो तिथे गावातल्या माणसाला दहा वर्षं अडकलेला अर्ज दिसत असतो.

पण दोघांचं जुळतं अशी एक जागा आहे. खडीकरण. पाणंद योजनांमध्ये बहुतेक कामं डांबराची नसतात. अतिक्रमण काढायचं, वाट रुंद करायची, बाजूला चर काढायचा, खडीचे थर देऊन वर मुरूम दाबायचा. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बारा महिने जातो आणि मोठी वाहनं भरधाव जाण्याइतका तो गुळगुळीत होत नाही. जगभर ज्याला ग्रॅव्हल रोड म्हणतात तो तरी दुसरा काय असतो? कॅन्ससमधले ते प्रसिद्ध रस्तेसुद्धा शेतावर आणि कुरणांकडे जायलाच केलेले आहेत. सोलापुरातल्या सायकल गटांनी वेगळ्या ट्रॅकची मागणी करण्यापेक्षा गावच्या पाणंदींच्या खडीकरणाच्या मागणीला हातभार लावला, तर दोघांचाही फायदा आहे. त्या रस्त्याची देखभाल करणारा माणूस रोज त्याच रस्त्याने जाणार असतो, हे त्यातलं सगळ्यात मोठं भांडवल.

मात्र पाणंद बारा महिने 'वाहतूकमुक्त' असते, असं समजू नका. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचं नाव येतं. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत नदीकाठच्या पाणंदीत ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टर दिवसरात्र असतात. रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा साचतो. त्यात पुढचं चाक रुतलं की माणूस हँडलवरून खाली. अशा गाडीला वाट द्यायची म्हणजे पूर्ण थांबायचं, कडेला उतरायचं. भरल्या टायरगाडीचे बैल थांबवणं सोपं नसतं.

कालव्याच्या कडेने

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या दोन मुख्य कालव्यांनी जिल्ह्याचा चेहरा बदलला. डावा कालवा माढा, मोहोळच्या बाजूला, उजवा पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूला. प्रत्येक कालव्याच्या भरावावरून एक मुरमाची वाट जाते. पाटकऱ्याला, इंजिनिअरला कालवा बघत फिरता यावं म्हणून ती केलेली असते. कालवा गुरुत्वाकर्षणाने वाहतो, म्हणून ही वाट अगदी सपाट असते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि केळी, अधूनमधून बाभळीची आणि लिंबाची सावली. कागदावर बघितलं तर केटी ट्रेलचा भाऊच.

पण हा सार्वजनिक रस्ता नाही. तो जलसंपदा विभागाचा आहे आणि तिथे फिरायला परवानगी लागते. नियमापेक्षा कारण समजून घेतलेलं बरं. कालव्याचा भराव म्हणजे मातीची भिंत. जानेवारी २०२३ मध्ये उजनीचा डावा कालवा मोहोळ तालुक्यात पाटकुलजवळ फुटला आणि पाणी शेतांत, घरांत घुसलं. सायकलच्या वजनाने भराव फुटत नाही, पण सायकलमागून दुचाकी आणि दुचाकीमागून जीप आली की ती वाट राहत नाही. आवर्तन चालू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, काठ निसरडे असतात. अस्तर केलेल्या कालव्यात घसरलं तर पोहणाऱ्यालाही उभ्या गुळगुळीत कडेवरून वर येणं अवघड जातं. कालवा विभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारून, आवर्तन नसताना, दिवसाउजेडी जाणं यातच शहाणपण.

माळढोकचा माळ

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज. या परिसरातला माळ कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांची आठवण करून देणारा. लांबवर झाड नाही, गुडघ्याएवढं गवत, मुरमाड चढउतार, काळविटांचे कळप, खोकड, चंडोल आणि नशीब असेल तर लांडगा.

१९७२ च्या सुमाराला बी. एस. कुलकर्णी या निसर्गप्रेमींनी इथला माळढोक जगाच्या नजरेत आणून दिला आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. सुरुवातीला त्याची हद्द साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होती. म्हणजे गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं सगळी अभयारण्यात. लोकांना घर बांधतानाही अडचण यायला लागली, तेव्हा पुढे ती बरीच कमी करण्यात आली. दरम्यान माळढोक मात्र संपत गेला. आता संपूर्ण जगात हे पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरले आहेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसला तर बातमी होते.

माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही साधारणपणे एकच, आणि घालतो पावसाळ्याच्या सुमारास. म्हणजे सायकलसाठी मुरूम सगळ्यात छान असतो नेमका तेव्हा. गवतातून गेलेली एक सायकल त्या अंड्यावरून गेली नाही तरी मादीला उठवू शकते, आणि उठलेल्या मादीमागे कावळा, खोकड, मोकाट कुत्री टपलेली असतात. माळढोक नसला तरी तितर, चंडोल, टिटवी हे सगळेही जमिनीवरच घरटं करतात. राखीव गवताळ तुकडे नान्नज, मार्डी, कारंबा अशा गावांच्या शेतांमध्ये विखुरलेले आहेत. कुठे शेत संपतं आणि कुठे वनखात्याची जमीन सुरू होते हे नवख्याला कळत नाही. म्हणून नियम सोपा ठेवावा. गावाला जोडणारा रस्ता सोडायचा नाही, चर किंवा तारेचं कुंपण ओलांडायचं नाही, आत जायचं तर वनखात्याची परवानगी काढून आणि सायकल बाहेर ठेवून. गवतातून नवीन वाट पाडून तिचा जीपीएस ट्रॅक ॲपवर टाकणं, हा तर सगळ्यात वाईट प्रकार. पुढच्या आठवड्यात त्याच रेघेवरून वीस जण जातात.

झाडी हवी असेल तर

सोलापूर जिल्ह्यात घनदाट जंगल शोधू नका, वनक्षेत्रच अत्यंत कमी आहे. बार्शीच्या पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की बालाघाटचे डोंगर लागतात आणि तिथे येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य आहे. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, अवघं बावीस चौरस किलोमीटरचं. पावसाळ्यानंतर दरी हिरवीगार असते. हे अभयारण्य असल्याने इथेही मंदिराकडे जाणारा रस्ता सोडून रानात सायकल घालायची सोय नाही. पण सोलापूर-बार्शी पट्ट्यातल्या माणसाला झाडांच्या सावलीतून सायकल चालवायची हौस भागवायला तेवढा रस्ताही बराच आहे.

मग नदीच्या खोऱ्यात जायचं कधी आणि कुठे?

होळीनंतरचे काही आठवडे चांगले. गाळप संपत आलेलं असतं, माती कोरडी असते, सकाळची हवा बरी असते. एप्रिलच्या मध्यानंतर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उजाडायच्या आत निघून नऊपर्यंत परत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा उत्तम, पण उसाच्या गाड्या सांभाळून.

पहिला पल्ला हत्तरसंग कुडलचा. सोलापूरहून साधारण चाळीस किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीनेचा संगम आहे. संगमावर संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं मंदिर. इथल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि तो काळाचा उल्लेख असलेला सगळ्यात जुना मराठी लेख असल्याचं अनेक अभ्यासक मानतात. उत्खननात सापडलेलं ३५९ मुखांचं शिवलिंगही इथलंच. विजापूर महामार्गाने सरळ जाण्यापेक्षा मंद्रूपच्या बाजूला सीनाकाठच्या गावांना जोडणारे लहान रस्ते आणि शिवरस्ते धरले, तर मोठ्या गाड्यांशी गाठ कमी पडते. या पट्ट्यात वाट विचारली की उत्तर कन्नडमध्ये येऊ शकतं, कारण पुढे हीच भीमा दोन राज्यांची हद्द होते.

दुसरा पल्ला माचणूरचा. मंगळवेढा रस्त्याच्या बाजूला, भीमेच्या वळणावर सिद्धेश्वराचं मंदिर आणि शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला. १६९५ ते १६९९ या काळात त्याचा तळ ब्रह्मपुरीला, म्हणजे इथेच होता. घाटाच्या पायऱ्यांवर सावली असते, पाणी मिळतं. सायकलवर आलेल्या माणसाला आणखी काय हवं?

तिसरा, हिवाळ्याच्या शेवटी, करमाळा तालुक्यात केत्तूर, वांगी, चिखलठाणच्या बाजूला उजनीच्या पाणलोटाच्या कडेने. पाणी ओसरायला लागलं की रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ चिखलात उतरतात. पाणी मागे गेलेली जमीन वरून कडक दिसते आणि आत पाऊल रुतेल एवढी ओली असते. तिच्यावर सायकल घालू नका. गाळपेराची पिकंही तिथे असतात.

या सगळ्या मार्गांवर नदी ओलांडायची वेळ येते तेव्हा पूल महामार्गावर असतो आणि सायकलवाल्याला महामार्ग टाळायचा असतो. अशा वेळी कामाला येतात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. भीमेवर औज, चिंचपूर असे बरेच आहेत, सीनेवरही आहेत. उजनीतून नदीत सोडलेलं पाणी औजच्या बंधाऱ्यात अडवून टाकळीहून सोलापूर शहराला उचललं जातं, म्हणजे सायकलवाला ज्या पाण्यावरून जातो तेच पाणी त्याच्या नळाला येतं. बंधाऱ्याचा माथा अरुंद असतो आणि अनेक ठिकाणी कठडा नसतो, त्यामुळे सायकल हातात धरून चालत जायचं.

पावसाळा संपला की बंधाऱ्यात लोखंडी बर्गे घालून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी ते काढतात. पुरात हे बंधारे पूर्ण बुडतात. सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या महापुरात तर लांबोटीजवळ पुणे महामार्गच बंद ठेवावा लागला होता. नदीकाठची शेतं मातीसकट वाहून गेली आणि अनेक कच्च्या वाटाही गेल्या. फोनच्या नकाशात त्या वाटा अजून दिसतात. म्हणून बंधाऱ्यापर्यंत जाण्याआधी शेवटच्या गावात, चहाच्या टपरीवर, एकदा विचारा की पलीकडे जाता येतं का. "जातंय की" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्नही विचारा. माणूस जातोय, का गाडी?